कुम्हारीचा सिग्नल

रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या पायलच्या दुकानात कॉम्प्युटरचं सामान घ्यायला येणारी माणसं भाव विचारतात, तोंड वाकडं करतात, निघून जातात आणि संध्याकाळी परत येऊन तेच सामान त्याच भावात घेऊन जातात. असा तिथला रिवाज आहे. तुळशीराम गजभिये यांनी तो मोडला. ते आले ते खुर्ची ओढून बसलेच, आणि होळीपासून थेट अक्तीपर्यंत, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, आठवड्यातून एकदोनदा येऊन बसतच राहिले. गुढियारीतल्या घरून बुढापारा म्हणजे काही परगाव नव्हे, पण रायपूरच्या उन्हात त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने स्कूटर काढायची तर तेवढंही पुरे होतं. आल्यावर ते आधी रुमालाने टक्कल पुसत, पायलने दिलेलं पाणी पीत, आणि मग हळूच विचारत, "बेटा, वो एसएमपीएस का क्या सोचा तूने?"

जणू एसएमपीएस पायललाच घ्यायचा होता!

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. गेम खेळायचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरी जोडायचा असेल आणि खिसा बेताचा असेल, तर शहाणा माणूस या डब्यावर गरजेपुरता खर्च करतो आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात आणि मॉनिटरमध्ये घालतो, कारण चित्र काढतं कार्ड आणि दाखवतो मॉनिटर. हे पायलने त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. वडील गेल्यापासून दुकान तीच चालवत होती आणि समजावण्याचा तिला कंटाळा नव्हता. पण तुळशीरामांनी उभा जन्म मालगाड्या ओढलेल्या. त्यांच्या हिशेबी मॉनिटर म्हणजे इंजिनाची काच, आणि एसएमपीएस म्हणजे इंजिनाची ताकद. काच थोडी मळकी असली तरी गाडी चालते. ताकद कमी पडली तर गाडी चढावर अडते, मागच्या गाड्या खोळंबतात आणि कंट्रोलवाला फोनवर सात पिढ्यांचा उद्धार करतो.

"अंकल, साढ़े पाँच सौ वॉट बहुत है," पायल म्हणे.

"और चढ़ाई आ गई तो?"

"कंप्यूटर में कौन सी चढ़ाई, अंकल?"

यावर तुळशीराम तिच्याकडे दयेने पाहत. कालची पोर, तिला काय ठाऊक, असा तो चेहरा असे. मग पुन्हा रुमाल, पुन्हा पाणी, आणि बोलणं पंख्यांवर जाई. कॅबिनेटला पंखे किती, गरम हवा कुठून निघणार, मशीन तापून बंद पडली तर कुणाला विचारायचं. शेवटी त्यांनी साडेआठशे वॉटचा डबा घेतला, त्यात तीन कॉम्प्युटर चालले असते. दोन माणसांनी उचलावं असं लोखंडी कॅबिनेट घेतलं, पुढे तीन पंखे, मागे एक. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम पायलने सांगितलं तसं. कार्ड बेताचं. आणि मॉनिटर घेतलाच नाही, कारण त्यांचा मुलगा इंद्रजीत याच्या ऑफिसातले जुने मॉनिटर भंगारात निघणार होते, त्यातला एक फुकट मिळत होता. पायलने कपाळाला हात लावला नाही, एवढंच. "अंकल, वो पुराने मॉनिटर में साइड से देखो तो कलर बदल जाता है," ती म्हणाली. तुळशीराम म्हणाले, गाडी समोर बसून चालवतात, साइडला बसून नाही.

बजेट साठ हजारांचं होतं आणि त्यावर एक रुपया मिळणार नाही असं कांताबाईंनी बजावलं होतं. कांताबाई म्हणजे तुळशीरामांची बायको. त्यांचा या सगळ्याला विरोध नव्हता, पण मत होतं.

"तेवढ्यात एसी आला असता," त्या म्हणाल्या. "उन्हाळाभर कूलरच्या पाण्याच्या बादल्या मी भरून राहिले, आन् तुमाले खेळ सुचून राहिला. लहान पोट्टे हाय का तुमी?"

"टाइमपास पायजे ना काई," तुळशीराम म्हणाले.

सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं. टाइमपास. खरं कारण काय, याबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

तुळशीराम मूळचे तुमसरकडचे. वडील रेल्वेत गँगमन म्हणून रायपूरला आले ते इथलेच झाले. तुळशीराम इंजिनावर असिस्टंट लागले, यथावकाश ड्रायव्हर झाले. पुढे सरकारने ड्रायव्हरचं लोको पायलट असं बारसं केलं, पण इंजिनातला उकाडा तोच राहिला आणि झोपेची बोंबही तीच. घरात सण असला की ते बिलासपूरला, ते घरी असले की सण होऊन गेलेला. इंद्रजीत कधी चालायला लागला हे त्यांना कांताबाईंकडून कळलं. तरी ती नोकरी त्यांना आवडायची. अठ्ठावन्न डबे कोळसा मागे घेऊन निघालं की अंगात एक शहाणा गंभीरपणा येतो, तसा त्यांना पुन्हा कशातच आला नाही.

चोपन्नाव्या वर्षी अवेळीच डॉक्टरी तपासणीचा कागद आला. रेल्वेच्या दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत बसवून डॉक्टरने लांबून बारके दिवे दाखवले आणि रंग विचारले. हिरवा बरोबर आला. लाल दाखवला तेव्हा तुळशीराम पिवळा म्हणाले. पुन्हा दाखवला, पुन्हा पिवळा. डॉक्टर म्हणाला, साखरेने डोळ्यावर परिणाम केलाय, रंग फिके झालेत, गाडी चालवता येणार नाही. झालं! त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत तुळशीराम लॉबीत, म्हणजे गाडीवर जाणाऱ्यांची हजेरी लागते तिथे, खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या ड्युट्या लावत राहिले. काल ज्यांना ते ओरडत होते ती पोरं समोर सही करून इंजिनावर चढायला जात, आणि हे त्यांच्याकडे पाहत बसत. अपमान कुणीच केला नाही. सगळे "साहेब" म्हणत, चहा विचारत. त्यामुळे रागवायलाही जागा नव्हती.

मग राग डॉक्टरवर निघाला. खोलीत अंधार जास्त होता, दिव्याची काच मळकी होती, डॉक्टरला जेवायला जायचं होतं. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की घरातल्या भांड्यांनाही पाठ झालं असेल. आणि त्याहून मोठा राग डोमन साहूवर. डोमन त्यांचा असिस्टंट होता, तिल्द्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, कितीतरी वर्षं बाजूच्या सीटवर बसलेला, एका डब्यात जेवलेला. तपासणी अवेळी लागली म्हणजे कुणीतरी वर सांगितलं, आणि सांगणार कोण? बाजूला बसणाराच. डोमन त्यानंतर एकदा घरी आला होता. तुळशीराम आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. कांताबाईंनी त्याला चहा दिला, तो प्यायला, कप स्वतः धुवून ठेवला आणि गेला.

असा नऊ वर्षांचा हा काटा. गेल्या दिवाळीत इंद्रजीतने सहज मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. आगगाडी चालवायचा गेम, आणि त्यात कुणा हौशी मंडळींनी रायपूर ते दुर्ग हा पट्टा हुबेहूब उभा केलेला. सरोना, खारून नदीचा पूल, कुम्हारी, सगळं. सिग्नलसुद्धा जागच्या जागी. इंद्रजीतला मराठी सगळं समजतं पण बोलतो तो हिंदी. "देखो पापा, आपका रूट," एवढं म्हणून तो विसरूनही गेला. तुळशीराम विसरले नाहीत. त्या रात्रीपासून त्यांच्या मनाने एकच घेतलं. इथे अंधारी खोली नाही, घाईतला डॉक्टर नाही, चुगली करणारा असिस्टंट नाही. मशीनला कुणाचं वैर नसतं. रायपूरहून दुर्गपर्यंत एकही सिग्नल न चुकता गाडी नेली, की ठरलं: डोळे बरोबर होते, माणसं चुकली होती. दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःला तरी कळेल. तेवढं कळलं की बस. आता त्यांना रागाचाही थकवा यायला लागला होता.

कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडला. दुपारभर कूलरच्या खोलीत चटईवर सामान मांडून बसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एकेक स्क्रू असा पिळला की पुढे तो काढायला पायलला घाम फुटला. गुडघे आखडले, कंबर धरली, दोनदा वायर उलटी लागली. पण बटण दाबल्यावर चारही पंखे एकदम घुमले तेव्हा कांताबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं पिठाची गिरणी घरात घुसली.

"किती वारा येऊन राहिला याच्यातून," त्या म्हणाल्या. "कूलर काहून लावाचा मग?"

पहिले काही दिवस कीबोर्डच्या कळा शिकण्यात गेले. ब्रेक बोटाने दाबायचा ही कल्पनाच तुळशीरामांना पटत नव्हती. ब्रेक हाताने खेचायची वस्तू, कोपरापर्यंत कळायला पाहिजे. पण हात बसला. गाडी सुटायची, सरोना मागे पडायचं, खारूनच्या पुलावर चाकांचा आवाज बदलायचा, तो इथेही बदलला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. वेग बरोबर, ब्रेक बरोबर, एक हिसका नाही. कांताबाई मागे एका बाजूला खाटेवर लसूण सोलत बसल्या होत्या, कारण घरात कूलर त्याच एका खोलीत होता. गाडी कुम्हारीजवळ आली. सिग्नल दिसला. तुळशीराम संथपणे पुढे गेले, आणि पडदा थांबला. धोक्याचा सिग्नल ओलांडला, खेळ समाप्त, अशी पाटी आली.

"काहून थांबले नाई तुमी?" कांताबाईंनी मागून विचारलं.

"पिवळा होता."

"पिवळा? लालभडक होता ना जी!"

तुळशीराम वळून त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांना पायलचं बोलणं आठवलं आणि जिवात जीव आला. कांताबाई बसल्या होत्या बाजूला. जुन्या मॉनिटरमध्ये बाजूने रंग बदलतात. म्हणजे समोरून पिवळा तोच खरा. पण मग खेळ का थांबला? तर मॉनिटर फिका, त्याने लाल रंग पिवळट दाखवला. इतकं सरळ होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आणि अंगण खरोखरच भंगारातून आणलेलं असेल तर नाचणाऱ्याला किती बरं वाटतं!

दुसऱ्या दिवशी ते पायलकडे हजर. साडेआठशेचा एसएमपीएस परत करायला तयार झाले, हे ऐकून पायलला बाप्पा पावला. तिने तो ठेवून घेतला, साधा दिला, फरकाच्या रकमेत वर थोडे घालून रंग चोख दाखवणारा नवा मॉनिटर दिला. वरचे थोडे तुळशीरामांनी कांताबाईंना न सांगता दिले. सद्गुणी माणसाला उतारवयात खोटं बोलायची वेळ आली की त्याला ते जमत नाही. कांताबाईंना त्याच संध्याकाळी कळलं. तेव्हापासून त्या एसीची जाहिरात टीव्हीवर लागली की आवाज मोठा करायच्या.

नव्या मॉनिटरवर चित्र असं स्वच्छ की खारूनचं पाणी हलताना दिसायचं. तुळशीराम खुर्ची पुढे ओढून, चष्मा पुसून बसले. सरोना हिरवा. पूल. पुढे एक दिवा, पिवळा, म्हणून वेग कमी केला. कुम्हारीचा दिवा, तोही पिवळा, म्हणून हळूहळू पुढे. पाटी आली. पुन्हा केलं. पाटी आली. खरं तर खांबावर कुठला दिवा कुठल्या जागी असतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, लालचा खाली, बाकीचे वर. दिवसाउजेडी, जवळून, जागा पाहून रंग सांगता येतो. पण लांबून नुसता एक ठिपका दिसतो, आणि मालगाडी ठिपक्यावरच थांबवायला घ्यावी लागते. जवळ गेल्यावर कळून काय उपयोग? मागे कांताबाईंचं लसूण सोलणं थांबलं होतं, त्यावरून त्या पाहत होत्या हे कळत होतं.

"कार्ड खराब हाय," तुळशीराम पडद्याकडे पाहतच म्हणाले. "रंग कार्डातून येते."

घोडं आता कार्डावर अडलं. पायलच्या दुकानात एका गिऱ्हाइकाची तयार मशीन ठेवलेली होती, लाखाच्या वरची, तिच्यात जे कार्ड होतं ते तुळशीरामांच्या सगळ्या बजेटमध्ये एकटं मावलं नसतं. तुळशीराम म्हणाले, या कार्डावर माझा खेळ लावून दाखव, फरक दिसला तर ठरवू. पायलने लावला. दुकानात दोघंच होते, बाहेर ऊन असं की गल्लीत स्कूटरही फिरकत नव्हती. तुळशीरामांनी उभ्या उभ्याच गाडी चालवली. पायल बाजूला होती. कुम्हारीचा ठिपका आला.

"ये कौन सा है, अंकल?" तिने विचारलं.

"पीला."

पायलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तिने हात पुढे करून खेळ थांबवला, पाटी यायच्या आत. मग उगाच टेबल पुसलं. पुसायला तिथे काही नव्हतं.

"अंकल, कार्ड मत लो," ती म्हणाली.

"काहून? पैसे देऊन राहिलो ना मी?" रागात ते मराठीवर आले.

"पैसे की बात नहीं है. मैं कार्ड नहीं दूँगी आपको."

"तू डॉक्टर हाय का?"

हा शब्द कुठून आला ते त्यांनाही कळलं नाही. पायलला तर काहीच माहीत नव्हतं. तिने फक्त मान खाली घातली, आणि तुळशीराम रुमाल टेबलावर विसरून उन्हात बाहेर पडले. स्कूटरची सीट तापून तवा झालेली. ते तसेच बसले. घरी येईपर्यंत त्यांच्या मनात एकच चाललं होतं, की दुकानदाराने आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणजे गिऱ्हाइकात काय दिसलं असेल.

दोन दिवस कॉम्प्युटर झाकलेला राहिला. कांताबाईंनी त्यावर जुनी साडी घातली होती, धूळ बसू नये म्हणून. तुळशीराम जेवत, झोपत, पेपर वाचत, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. तिसऱ्या दुपारी कांताबाईंनीच साडी काढली.

"चला," त्या म्हणाल्या. "बसा. इतके पैसे घातले, आता धूळ खाऊन राहिला का तो?"

"मन नाई होत."

"तुमी चालवा, रंग मी सांगते. मले तर दिसतेच ना."

नवरा इतकी वर्षं गाडीवर होता, पण कांताबाईंना हे ठाऊक नव्हतं की त्या जे म्हणाल्या ते रेल्वेचं रोजचं काम आहे. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की असिस्टंट हात करून मोठ्याने रंग बोलतो, ड्रायव्हर स्वतःच्या डोळ्याने पाहून तोच रंग मोठ्याने बोलतो. दोघांचं जुळलं तर गाडी पुढे. दर सिग्नलला, दर गाडीला, झोप येवो की ताप येवो. तुळशीरामांनी नोकरीभर हे केलं होतं.

ते बसले. गाडी सुटली. कांताबाई खाट सोडून त्यांच्या बाजूला स्टुलावर आल्या.

"हिरवा," त्या म्हणाल्या.

"हिरवा," तुळशीराम म्हणाले. सवयीने निघून गेलं.

सरोना गेलं. पूल गेला. कांताबाईंना मजा यायला लागली. ठिपका पुरता दिसायच्या आतच त्या सांगायला लागल्या. "पिवळा! दोन पिवळे! आता एक पिवळा!" कुम्हारी आली. "लाल, लाल हाय, थांबा!" तुळशीरामांनी ब्रेक घेतला. सुरेख घेतला, एकही हिसका न देता गाडी सिग्नलच्या अलीकडे उभी केली. समोरचा ठिपका त्यांना अजूनही पिवळाच दिसत होता. मग तो हिरवा झाला, तेव्हा त्यांनाही झालेला दिसला. गाडी पुढे निघाली. चरोदा आलं, भिलाई आली, आणि कांताबाई आता इतक्या आधी ओरडायला लागल्या की तुळशीराम चिडले.

"अवो, मले पाहू तर दे!"

आणि त्यांचा हात थांबला.

हे वाक्य त्यांनी आधी म्हटलं होतं. हिंदीत म्हटलं होतं, एकदा नाही, रोज. "अरे डोमन, मुझे देखने तो दे!" शेवटची दोन वर्षं डोमनला ही खोडच लागली होती. सिग्नल कुठे दिसलाही नाही तो हा मोठ्याने रंग बोलून मोकळा. ते ओरडायचे, डोमन मान हलवायचा, "हव साहेब," असा छत्तीसगढी होकार द्यायचा, आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा आधी बोलायचा. ते त्याला उतावळा म्हणायचे. लॉबीत चारचौघांत म्हटलं होतं, हा पोरगा मला सिग्नल पाहू देत नाही. डोमन हसला होता.

दोन वर्षं. अठ्ठावन्न डबे मागे, आणि रंग डोमन पाहत होता, ते नुसते त्याच्यामागून बोलत होते. त्यांना वाटायचं आपल्यालाही तसाच दिसला. कानावर लाल पडला की डोळ्यालाही लाल दिसतो, निदान दिसल्यासारखा वाटतो. आत्ता कुम्हारीलाही ठिपका पिवळा दिसत असताना गाडी थांबली ती कांताबाईंच्या शब्दावरच.

आणि मग तपासणीचा कागद. तो कधी आला? डोमनची बढती झाली त्याच आठवड्यात. तो स्वतः ड्रायव्हर होऊन दुसऱ्या गाडीवर जाणार होता, आणि तुळशीरामांच्या बाजूला नवीन कुणीतरी येणार होतं, ज्याला काहीच माहीत नव्हतं, जो नियमाप्रमाणे सिग्नल दिसल्यावरच बोलला असता. म्हणून डोमनने जायच्या आधी वर सांगितलं. हा हिशेब त्यांना नऊ वर्षांत कधीही मांडता आला असता. त्यांनी मांडला नाही, कारण राग धरून बसणं सोपं होतं.

"अहो, पिवळा हाय," कांताबाई म्हणाल्या. "झोपले का?"

"पिवळा," तुळशीराम म्हणाले, आणि वेग कमी केला.

दुर्गला गाडी लागली. पडद्यावर अभिनंदनाची पाटी आली, एकही चूक नाही. कांताबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून थांबल्या. तुळशीराम रडत नव्हते. पण एवढा दमलेला माणूस त्यांनी तीन दिवसांच्या ड्युटीवरून आलेल्या तुळशीरामांतही पाहिला नव्हता.

"काय झालं?"

"डॉक्टर खरा होता," ते म्हणाले. "डोळे गेलेच होते माहे."

कांताबाईंनी स्टूल जवळ ओढलं. "मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुमी लाल साडीले भगवी म्हणायचे. मी म्हटलं, माणसाले साडीतलं काय कळते."

तुळशीरामांना हसू आलं. त्यांनी मोबाइल घेतला. डोमनचा नंबर होता. रागाच्या भरात त्यांनी माणूस काढून टाकला होता, नंबर कसा काढतात ते कळलं नाही म्हणून तो राहून गेला होता. घंटा बराच वेळ वाजली. डोमन घरीच होता, मागे पोराबाळांचा आवाज येत होता.

"कोन?"

"गजभिये बोल रहा हूँ."

पलीकडचा आवाज दूर गेला, दार लागल्याचं ऐकू आलं, आणि पोरांचा गलका थांबला. "हव साहेब," डोमन म्हणाला. नऊ वर्षांनी, अगदी तसाच.

काय बोलायचं ते तुळशीरामांनी ठरवलं नव्हतं. माफी मागायची सवय नव्हती, आणि इतक्या वर्षांची माफी एकदम मागायची तर सुरुवात कुठून करायची. शेवटी जे झालं होतं तेच ते बोलले.

"आज रायपुर से दुर्ग गाड़ी लाया, डोमन. कंप्यूटर पे. वो खेल होता है ना."

"अच्छा?"

"एक भी सिग्नल नहीं चूका."

डोमनने विचारलं, हळूच, जपून विचारावं तसं, "सिग्नल कौन बोला, साहेब?"

तुळशीरामांनी बाजूला बसलेल्या कांताबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसायला पदर लावला होता, त्याचा रंग कुठला ते आता तुळशीरामांना सांगता आलं नसतं.

"घरवाली बोली," ते म्हणाले. "पहले से बोल देती है. तेरे जैसे."